कोर्टाखालची खाण

मला यूपीत नोकरी लागली हे मी नागपूरला ताईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं अमेरिकेत काढून शेवटी यूपीतच गेली का गं तू?"

तिची समजूत घालायला वेळ लागला. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत, मध्ये पाणी, पाण्यावर एक लांबच लांब पूल. वरच्या तुकड्याला 'अप्पर पेनिन्सुला' म्हणतात, पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नसते, म्हणून यूपी. खालच्या तुकड्यातल्या, नोव्हायच्या आमच्या घरापासून गाडीनं नऊ तास. हिवाळ्यात किती, ते निघाल्यावर कळतं. माझा नवरा सुहास नोव्हायमध्ये गाड्यांच्या सीट डिझाइन करतो. त्यामुळे तो खाली आणि मी वर, अशी आमची सात वर्षं गेली. दर दोन-तीन आठवड्यांनी मी पुलावरून घरी यायचे, डब्यांत भाज्या भरून परत जायचे. मराठी मंडळात कुणी विचारलं की सुहास सांगायचा, "शैला कोर्टात असते." लोकांना वाटायचं, घटस्फोट चाललाय.

मी कोर्टात होते ती बिल्डिंग सुपरिंटेंडंट म्हणून. हा शब्द ऐकून आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे लाल दिव्याची गाडी येते. प्रत्यक्षात कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तळघरात एक खोली, बॉयलर, गळणारं छप्पर, कबुतरं, आणि दारापुढचा बर्फ. नागपूरला सिव्हिल इंजिनिअर झाले, लग्न करून इथं आले, काही वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसले. ग्रीन कार्ड हातात आल्यावर जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका फर्ममध्ये लागले. तिथं मला कळलं की नव्या इमारतीत मला रस नाही. नवी इमारत म्हणजे एक्सेल शीट. जुनी इमारत माणसासारखी खोटं बोलते, आणि ते पकडण्यात मजा असते. मग ही जाहिरात दिसली.

गावाचं नाव सांगत नाही. गाव लहान आहे आणि सगळे इंटरनेटवर असतात. इथं एकेकाळी लोखंडाच्या मोठ्या खाणी होत्या. खनिज कधी संपणारच नाही अशा खात्रीनं तेव्हाच्या लोकांनी हे कोर्ट बांधलं. कौंटीचं कोर्ट, म्हणजे आपलं जिल्हा न्यायालय आणि तहसील कचेरी एकाच छपराखाली. लाल दगड, वर तांब्याचा घुमट, आत संगमरवरी जिना. घुमटाच्या आतल्या बाजूला एका खाणकामगाराचं चित्र आहे. त्याचा चेहरा इतका स्वच्छ आहे की तो नुकताच आंघोळ करून कामावर निघालेला असावा. खाणी बंद झाल्या, निम्म्याहून जास्त गाव निघून गेलं, कोर्ट राहिलं. आता तिथं हंगामाबाहेर मारलेली हरणं, स्नोमोबाइलचे, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरचे, अपघात आणि शेजाऱ्याच्या कुंपणाचे खटले चालतात.

माझी पहिली कोर्टकेस रेडिएटरची. एका माणसावर चोरून हरीण मारल्याचा आरोप होता. तो साक्षीला उभा राहिला, सरकारी वकिलानं विचारलं, "त्या दिवशी तू जंगलात होतास?" तो म्हणाला, "नाही," आणि खोली गरम ठेवणाऱ्या, खिडकीखालच्या रेडिएटरनं ठण्णकन आवाज केला. पुढचा प्रश्न, पुन्हा "नाही," पुन्हा ठण्ण. तिसऱ्यांदा ज्यूरीतल्या बायका खाली माना घालून हसायला लागल्या. त्याचा वकील उठून म्हणाला की रेडिएटरमुळे माझ्या अशिलाविषयी ज्यूरीचं मत कलुषित होतंय. जज्जांनी कामकाज थांबवून मला तळघरातून बोलावलं आणि शपथ न देता विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगितलं, की इथं उष्णता वाफेनं येते. एकच पाइप. त्यातून वाफ वर जाते आणि थंड होऊन झालेलं पाणी त्याच पाइपातून खाली येतं. रेडिएटर उलट्या बाजूला कलला की पाणी आत साचतं, वाफ त्यावर आदळते आणि हातोडा मारल्यासारखा आवाज होतो. जज्ज म्हणाले, "म्हणजे तो खोटं बोलतोय म्हणून नाही?" मी म्हटलं, "तेवढं मी सांगू शकत नाही, युअर ऑनर." रेडिएटरच्या एका पायाखाली लाकडाच्या दोन पाचरी ठोकल्या, आवाज बंद झाला. माणूस दोषी ठरला. गावात मात्र गवगवा झाला की शैलाचा रेडिएटर खोटं पकडतो. शैला हे नाव त्यांना फिनिश वाटायचं. गाव अर्धं फिनिश, म्हणून मला कुणी कधी स्पेलिंग विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

इमारतीच्या उत्तरेच्या विंगमध्ये कौंटी क्लार्कचं ऑफिस होतं. जमिनीची खरेदीखतं, जन्म, मृत्यू, लग्नं, सगळं तिथं नोंदलं जातं. हे ऑफिस मार्लीनचं. साठीची, उंच, चष्म्याला साखळी, बोलणं मोजकं. कागदावर सही चुकीच्या ओळीवर असेल तर ती गव्हर्नरलासुद्धा परत पाठवील. एका एप्रिलमध्ये बर्फ वितळत असताना तिनं मला बोलावलं आणि कपाटामागची भिंत दाखवली. खालून वर, तिरकी, नख जाईल एवढी फट.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कपाट आज हलवलं. त्यामुळे आजपासून," मार्लीन म्हणाली.

भेगेला घाबरायचं नसतं. जुन्या इमारतीत भेगा असतातच, सुरकुत्यांसारख्या. पाहायचं असतं ते एवढंच, की ती वाढतेय का. त्यासाठी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. साधं, स्वस्त, आणि काच कुणाची भीड ठेवत नाही. मी तीन पट्ट्या लावल्या. दोन आठवड्यांत दोन तडकल्या.

आता या गावात जमीन हलणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. खाली सगळं पोखरलेलं आहे. खाणीत छप्पर पडू नये म्हणून खनिजाचेच खांब मध्ये मध्ये सोडतात. खाण संपत आली की शेवटी ते खांबही काढून विकतात, आणि मग वरची जमीन आपल्या सवडीनं खाली येते.

हे मला एइनोनं सांगितलं. एइनो हा खाणीतला शेवटचा कामगार, नव्वदीला टेकलेला. रोज सकाळी नऊला येऊन घुमटाखालच्या बाकावर बसायचा, कारण घरापेक्षा कोर्टात ऊब जास्त. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत तोच एक असा, की ज्याला इमारतीकडून फक्त गरम हवा हवी होती. मी त्याच्याशेजारी बसले आणि विचारलं, "कोर्टाच्या खाली खाण आली होती का?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "शाफ्टच्या ईशान्येला एक मोठी खोली होती. चर्चएवढी. शेवटच्या वर्षी आम्हाला तिथले खांब काढायला सांगितले. मी म्हटलं, वर गाव आहे. फोरमन म्हणाला, वर काय आहे ते वरच्यांना बघू दे."

"नक्की ईशान्येला?"

"मी तिथं नऊ वर्षं काढली, शैला."

तळघरातल्या तिजोरीत खाणीचे जुने नकाशे होते, कापडावर शाईनं काढलेले, सुंदर. त्यातल्या एकात ती खोली सापडली. त्यावर गावाचा काही मागमूस नाही, फक्त शाफ्ट, बोगदे, अंतरं आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण. शाफ्ट म्हणजे खाणीत उतरायची विहीर. ती आता काँक्रीटनं बुजवलेली आहे, कोर्टाच्या नैऋत्येला, दोन चौक सोडून. मी शाफ्टपासून नकाशातली अंतरं मोजली, गावाच्या नकाशावर उतरवली. खोली बरोबर उत्तरेच्या विंगखाली आली. एइनो म्हणत होता तेच नकाशा म्हणत होता, आणि वर काचा तडकत होत्या. मला आयुष्यात इतका सुबक पुरावा कधी मिळाला नव्हता.

कौंटी बोर्डाचा अध्यक्ष ड्वेन. स्नोमोबाइलचं दुकान चालवायचा. त्याच्या पणजोबांनी या इमारतीचे दगड घडवले होते, आणि हे तो प्रत्येक बैठकीत एकदा तरी सांगायचा. त्या उन्हाळ्यात कोर्टरूममध्ये इमारतीच्या गौरवाचा मोठा समारंभ ठरला होता, बँड, भाषणं, बाहेरगावी गेलेल्या लोकांना आमंत्रणं. आणि मी त्याला म्हटलं की उत्तरेची विंग बंद करायची, आणि तिच्याशेजारी एवढी गर्दी नको म्हणून समारंभ रद्द करायचा.

"शैला, ही इमारत शंभरावर हिवाळे उभी आहे."

"पुढचा हिवाळा तिनं तुला विचारून ठरवलेला नाही, ड्वेन."

"एखादा एक्स्पर्ट बोलाव."

"बोलावते. तो येईपर्यंत बंद."

माझ्या नेमणुकीच्या कागदात एक ओळ होती, की धोका वाटल्यास इमारतीचा कोणताही भाग बंद करण्याचा अधिकार सुपरिंटेंडंटला राहील. ही ओळ कुणी वापरील असं ती लिहिणाऱ्यालाही वाटलं नसावं. मी वापरली. जूनच्या दुसऱ्या सोमवारी विंगच्या दाराला साखळी लावली आणि किल्ली खिशात टाकली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करते. सुहासला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "यार शैला, तू कोर्टालाच स्टे दिलास!"

प्रश्न राहिला मार्लीनच्या ऑफिसचा. नोंदणी एक दिवसही बंद ठेवता येत नाही. ड्वेन म्हणाला, गावाच्या टोकाला जुन्या शाळेचं जिम रिकामं आहे, तिथं हलवू. मी नाही म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना लांब पडेल, छप्पर गळतं, कागद भिजतील. त्यापेक्षा कोर्टाच्या दक्षिणेच्या पार्किंग लॉटमध्ये ट्रेलर उभा करा, चाकांवरचं तात्पुरतं ऑफिस.

मार्लीननंही विचारलं, "शाळेत काय वाईट आहे?"

"इथं मोकळं आहे," मी म्हटलं. "डोक्यावर पडायला काही नाही."

ती आपलं टेबल, शिक्के आणि चालू रजिस्टरं घेऊन ट्रेलरमध्ये बसली. तिथं ती अकरा आठवडे बसली.

त्या अकरा आठवड्यांत काहीही झालं नाही. समारंभ रद्द झाल्यानं लोक चिडलेले. डायनरमध्ये, म्हणजे गावच्या खानावळीत, मी शिरले की कुणीतरी मुद्दाम टेबलाला धरून बसायचं, जमीन हलतेय म्हणून. ड्वेन माझ्याशी फक्त ईमेलवर बोलायचा. एक्स्पर्टची तारीख पुढे पुढे जात होती. मला तर रोज सकाळी उठल्यावर वाटायचं, विंग थोडी तरी खचू दे. ज्या इमारतीला जपायचा मला पगार मिळत होता, ती पडावी म्हणून मी वाट बघत होते. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात लाजिरवाणी सकाळ, आणि अशा बऱ्याच झाल्या.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, लोक चर्चमध्ये असताना, मला फोन आला. शेरिफच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "शैला, लवकर ये. खाली गेलं."

मी धावतच गेले. लांबूनच घुमट दिसला, सरळ. उत्तरेची विंग दिसली, उभी, साखळीसकट. मग मी कोपरा वळले आणि पार्किंग लॉट दिसला, म्हणजे जिथं पार्किंग लॉट असायचा तिथं एक गोल भोक. आपल्या मंगल कार्यालयाचा हॉल मावेल एवढं. डांबराच्या कडा केकसारख्या कापलेल्या, खाली लाल माती, दिव्याचा एक खांब आडवा, आणि ट्रेलरचा मागचा अर्धा भाग आत लोंबकळलेला. मार्लीन बसायची तो भाग. टेबल खाली पडलं होतं. लाल मातीत पांढरे कागद दिसत होते.

रविवार होता म्हणून आत कुणी नव्हतं. दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

लोक चर्चमधून तसेच आले, चांगल्या कपड्यांत. पिवळ्या पट्टीमागे उभे राहिले. ड्वेन गर्दीतून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा मला मारतो. त्यानं मला मिठी मारली. तो रडत होता. "यू वेअर राइट," तो म्हणाला. "आम्ही सगळे हसलो, आणि शैला, तू बरोबर होतीस."

तेव्हा मला स्वतःलाही तसंच वाटत होतं, की मी थोडी चुकले असेन, चार पावलांनी. खाणीचा काय भरवसा.

आठवड्याभरात राज्य सरकारची माणसं आली. त्यांतली एक तरुण इंजिनिअर माझ्या तळघरातल्या खोलीत बसली आणि मी केलेलं काम तपासायला लागली. तिनं कापडी नकाशा पाहिला, माझी मोजणी पाहिली, आणि अगदी सहज विचारलं, "यात तुम्ही कुठली नॉर्थ धरली?"

मी नकाशाच्या कोपऱ्यातला बाण पुन्हा पाहिला.

माझे बाबा वणीजवळच्या कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. आमच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले असत. मी दहा-अकरा वर्षांची असताना बाबांनी मला शिकवलं होतं, की खाणीचा नकाशा उघडला की पहिला प्रश्न विचारायचा: ही उत्तर कुणाची? खाणवाले आपल्या सोयीची उत्तर ठरवतात. खनिजाचा थर ज्या दिशेला जातो, तिलाच उत्तर म्हणून मोकळे होतात, म्हणजे मोजमाप सोपं जातं. त्यात लोखंडाच्या खाणीत तर होकायंत्र चालतच नाही, सुई खनिजाकडे ओढली जाते. हे सगळं मला ठाऊक होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

या खाणीची उत्तर आपल्या उत्तरेच्या बरीच उजवीकडे वळलेली होती. त्यामुळे नकाशातली ईशान्य म्हणजे प्रत्यक्षातली जवळजवळ पूर्व. शाफ्टपासून तेवढंच अंतर पूर्वेला गेलं, की येतो पार्किंग लॉट. एइनो चुकला नव्हता. खाणीतली माणसं खाणीचीच दिशा बोलतात, त्यानं नऊ वर्षं तीच उत्तर पाहिली होती. नकाशाही चुकला नव्हता.

"मग विंगची भेग?" मी विचारलं.

तिनं खणून पाहिलं होतं. छपराचं पाणी वाहून नेणारा जमिनीतला पाइप उत्तरेच्या कोपऱ्यात फुटला होता, आणि त्या पाण्यानं पायाखालची माती धुऊन नेली होती. पाइप बदला, माती भरा, संपलं. तो पाइप साफ ठेवणं हे माझंच काम होतं. दोन वर्षं माझ्या यादीत होतं.

म्हणजे हिशेब असा, की मी एका गळक्या पाइपाला खाण समजले, सुरक्षित भिंतीआड बसलेल्या बाईला उठवलं, आणि अकरा आठवडे नेऊन बसवलं पोकळ जमिनीवर. ड्वेनचं ऐकलं असतं तर ती शाळेच्या जिममध्ये बसली असती, गळक्या छपराखाली, सुखरूप.

ती इंजिनिअर फार सज्जन होती. म्हणाली, "रिपोर्टमध्ये आम्ही फक्त खोलीची जागा देतो. कुणी काय धरलं होतं, ते लिहीत नाही."

सप्टेंबरच्या बोर्डाच्या बैठकीत माझा सत्कार ठरला. पितळी पाटी तयार होती, 'जिच्या दूरदृष्टीनं' वगैरे. कोर्टरूम भरलेली. मी ड्वेनला आधी जाऊन म्हटलं, मला दोन मिनिटं बोलायचंय. त्याला वाटलं, आभार. मी उभी राहिले आणि बाण, उत्तर, पाइप, सगळं सांगायला लागले. तिसऱ्या वाक्याला कौंटीचा वकील भरपाईच्या दाव्याच्या धास्तीनं उठला आणि ड्वेनच्या कानाला लागला. ड्वेननं हातोडा आपटला. म्हणाला, "शैला फार नम्र आहे. भारतीय लोक असेच असतात." टाळ्या झाल्या. मागे कुणीतरी उभं राहिलं, मग सगळेच उभे राहिले. नंतर इतिवृत्त आलं त्यात माझ्या बोलण्याची ओळ होती, 'श्रीमती शैला यांनी आभार मानले.'

मार्लीन त्या बैठकीला आली नव्हती. ती बैठकांना येत नसे, फक्त त्यांची इतिवृत्तं फाइल करी.

मी पाटी घेऊन नोव्हायला गेले. सुहासनं ती उलटसुलट पाहिली. म्हणाला, "लेट इट गो, शैला. कुणाला लागलं नाही, कुणी विचारत नाही. तू कशाला उकरतेस?" कॉलेजसाठी लांब राहणारी आमची मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, तिनं विचारलं, "आई, त्या लेडीला हे माहितेय का?"

"नाही," मी म्हटलं.

"देन हाउ आर यू ओके?" तिनं विचारलं. ती काही टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

विंग दुरुस्त झाली, साखळी निघाली, मार्लीन आपल्या जुन्या जागी परतली. ऑक्टोबरमध्ये एक दिवस मी तिच्या काउंटरपुढे जाऊन उभी राहिले. इथला कायदा असा, की कोणताही नागरिक सही केलेला कागद कौंटीकडे नोंदवायला देऊ शकतो. कागद नियमात असेल तर क्लार्कनं तो घ्यायचा. त्यातला मजकूर खरा की खोटा, शहाणा की मूर्ख, ते तिनं बघायचं नाही. मी एका पानावर सगळं लिहिलं होतं. बाण, पाइप, शाळा, ट्रेलर. कोण कुठे बसलं होतं आणि कुणाच्या सांगण्यावरून.

मार्लीन प्रत्येक कागद पूर्ण वाचते. तिनं चष्मा चढवला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. मला तिचे डोळे ओळींवरून जाताना दिसत होते. एका ठिकाणी ते थांबले आणि परत वरच्या ओळीवर गेले. मग पुढे गेले. शेवटपर्यंत.

"म्हणजे मी जिथं होते," ती म्हणाली, "ते ठीक होतं."

"हो."

"आणि तू मला तिथं नेलंस."

"हो."

तिनं कागद काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे वळवला. "सहीच्या खाली नाव कॅपिटलमध्ये लिही. नाहीतर घेता येणार नाही."

मी लिहिलं. तिनं तारखेचा शिक्का मारला, नंबर घातला, पावती दिली. मग 'बंद आहे'ची पाटी काउंटरवर ठेवली आणि आतल्या खोलीत निघून गेली. जेवणाच्या सुट्टीला अजून दहा मिनिटं होती. सव्वीस वर्षांत मार्लीननं वेळेआधी काउंटर बंद केल्याचं तिच्या हाताखालच्या बायकांना आठवत नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

नंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. जिन्यात समोरासमोर आलो की बाजूला व्हायची. कागद सार्वजनिक होता, कुणीही मागून वाचू शकला असता. माझ्या माहितीत आजवर कुणीही मागितलेला नाही.

मग नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडायच्या सुमारास, तळघरात तिचा फोन आला. "माझी खिडकी तिरकी अडकलीय, खाली जात नाही की वर जात नाही. थंडी येतेय."

त्या खिडक्या वरखाली सरकणाऱ्या. चौकटीच्या आत, दिसत नाही अशा कप्प्यात, बिडाचं वजन दोरीनं बांधलेलं असतं. ते वजन आणि खिडकी एकमेकांना तोलतात, म्हणून एवढी जड खिडकी एका हातानं उचलली जाते. दोरी तुटली की सगळा भार खिडकीचाच. एका बाजूची दोरी कुजून तुटली होती. नवी दोरी ओवून खिडकीच्या कडेच्या खाचेत गाठ बसवायची, तर कुणाला तरी तेवढा वेळ खिडकी उचलून धरावी लागते. एरवी मी लाकडाचा टेकू लावते. तो मी खाली विसरले होते.

"मी धरते," मार्लीन म्हणाली.

तिनं बाह्या वर केल्या आणि दोन्ही तळव्यांवर खिडकी तोलली. चांगलीच जड होती, तिच्या मनगटांच्या शिरा फुगल्या. मी खालच्या चौकटीवर वाकले आणि दोन्ही हात खिडकीच्या खाली घातले, दोरी खाचेत बसवायला. तिथं काही चपळाई करता येत नाही. बोटं आत असतात आणि गाठ आंधळेपणानं मारावी लागते. वर तिचा श्वास ऐकू येत होता. गार वारा माझ्या तोंडावर येत होता. गाठ पहिल्यांदा सुटली. मी पुन्हा मारली.

"झालं?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

तिनं नुसते पाय जरा फाकवून घट्ट रोवले आणि धरून ठेवली.

गाठ बसली. मी दोरी ओढून पाहिली, मग एक एक करून हात बाहेर काढले. दोन्ही हात बाहेर आलेले तिनं पाहिले, आणि मगच खिडकी खाली घेतली.